एम.ए., एम.एस्सी.चं शेवटचं सेमिस्टर : २२ क्रेडिटचा भार कसा पेलायचा

दरवर्षी फेब्रुवारी संपत आला की कुणीतरी डिपार्टमेंटच्या दारात येऊन विचारतं, "मॅडम, आधी पेपरांचं बघते, प्रोजेक्टचं नंतर केलं तर चालेल?" विचारणारी मुलगी आळशी नसते. सकाळच्या पहिल्या एसटीने येणारी, घरचं सगळं आवरून अभ्यासाला बसणारी असते. पेपर, प्रोजेक्ट, नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांचे फॉर्म, मागच्या सेमिस्टरचा राहिलेला बॅक, म्हणजे नापास विषय, आणि घरून होणारी 'पुढे काय' ही विचारणा, हे सगळं एकदम अंगावर आलं की माणूस हाताशी असेल ते आधी उरकायला बघतो. पुस्तक हाताशी असतं, म्हणून पुस्तक उघडलं जातं.

मी तिला नेहमी उलट सांगते. या सेमिस्टरमध्ये जे काम दुसऱ्या कुणावर अवलंबून आहे ते आधी हलवायचं. जे आपण एकटे, आपल्या टेबलाशी बसून, वेळ पडली तर रात्री जागून करू शकतो, ते त्याच्या मागे. प्रोजेक्ट गाईड करताना अभ्यास कमी पडून अडकलेली मुलं मी थोडी पाहिली. सही मिळाली नाही, सॅम्पलचा रिपोर्ट आला नाही, मुलाखत देणारी माणसं गावी निघून गेली म्हणून अडकलेली मात्र पुष्कळ पाहिली. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी भार किती आहे ते कागदावर मांडा

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची रचना साधारण ८८ क्रेडिटची आहे, म्हणजे दर सेमिस्टरला २२. चौथ्या सेमिस्टरमध्ये त्यांतले १२ क्रेडिट मुख्य विषयाचे, ४ इलेक्टिव्हचे, म्हणजे निवडीच्या विषयाचे, आणि ६ संशोधन प्रकल्पाचे. तुमच्या विद्यापीठात थोडा फरक असू शकतो, म्हणून वेबसाइटवरून आपल्या अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून घ्या आणि सीनियरच्या आठवणीवर विसंबू नका. एका पानावर लिहा : पेपरचं नाव, क्रेडिट, अंतर्गत गुण किती, लेखी किती, अंतर्गत गुण कशाचे (टेस्ट, सेमिनार, असाइनमेंट), पास व्हायला दोन्हींत वेगवेगळे किती लागतात. हे पान वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

आता तासांचा हिशेब. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे ३० तास धरले आहेत. त्यात वर्गातलं शिकणं आलं आणि स्वतःचं वाचनही आलं. २२ क्रेडिटचे ६६० तास झाले. शिकवण्याचे १५ आठवडे धरले तर आठवड्याला ४४ तास. त्यांतले थिअरीचे तास वर्गात क्रेडिटमागे १५, म्हणजे १६ क्रेडिटचे २४०, आठवड्याला १६. प्रोजेक्टचे १८० तास, आठवड्याला १२. उरले १६, ते स्वतःच्या अभ्यासाचे. चार क्रेडिटचे चार पेपर असतील तर पेपरमागे आठवड्याला चार तास. सायन्सवाल्यांचं हे गणित वेगळं येतं, कारण प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटचे ३० तास लॅबमध्येच जातात आणि वर जर्नल लिहायचं असतं. तुमचा आकडा तुम्हीच काढा.

आठवड्याला ४४ तास हा आकडा ऐकून मुलं घाबरतात. मला वाटतं तो बघून थोडं हायसं वाटायला हवं. पूर्ण वेळची नोकरी करणारा माणूस आठवड्यात साधारण तेवढाच वेळ कामावर असतो. भार जड आहे, पण त्याला माप आहे.

आणखी एक हिशेब कागदावर करून बघा. एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटची सरासरी, क्रेडिटच्या वजनाने निघतो. प्रोजेक्टमध्ये ७ ऐवजी ९ ग्रेड पॉइंट मिळाले तर फरक पडतो १२ भागिले २२, म्हणजे जवळजवळ ०.५५. चार क्रेडिटच्या पेपरात तीच सुधारणा झाली तर ०.३६. दोन क्रेडिटच्या पेपरात ०.१८. कुठल्या कामाला किती जीव लावायचा ते या तीन आकड्यांवरून ठरवा, 'अवघड वाटतो' यावरून नको.

मागायची कामं कुठली ते ओळखा

काही वर्षांपूर्वी समाजशास्त्राच्या एका मुलीने ऊसतोड कामगार स्त्रियांच्या आरोग्यावर विषय घेतला होता. विषय चांगला, तळमळ खरी. ती म्हणाली, मार्चमध्ये इंटर्नल संपवते आणि एप्रिलमध्ये निवांत मुलाखती घेते, ४० तरी होतील. एप्रिलमध्ये कारखान्याजवळच्या गाडीतळावर, ऊसतोड टोळ्या उतरतात तिथे, गेली तेव्हा तिथे चुलींची राख, उसाचं वाळलेलं पाचट आणि मोडक्या कोप्यांचे, म्हणजे झोपड्यांचे, बांबू एवढंच होतं. गाळप संपलं होतं, टोळ्या बीडकडे परतल्या होत्या. दोन एसटी बदलून ती त्यांच्या गावांना गेली आणि चार दिवसांत नऊ मुलाखती घेऊन आली. प्रोजेक्ट झाला, पण तिला जो करायचा होता तो झाला नाही. ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं आणि मलाही लागलं, कारण जानेवारीत तिला अडवून तारीख विचारायचं काम माझं होतं.

पुढच्या वर्षी त्याच विषयाच्या जवळचं काम करणारी दुसरी मुलगी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तळावर गेली. पहिल्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. आधी मुकादमाशी बोलली, मग बायांना विचारलं, कधी आलेलं चालेल? उत्तर आलं, संध्याकाळी भाकरी टाकताना, पण जास्त वेळ नाही, पहाटे चारला उठायचं असतं. मग ती सातच्या सुमाराला जायची, चुलीशी बसायची, एका संध्याकाळी दोन मुलाखती, कधी एकच. फेब्रुवारीअखेर तिची वही भरली होती. लेक्चर बुडाली नाहीत, कारण तिच्या माणसांना दिवसा वेळच नव्हता.

तुमच्या विषयातली अशी कामं कुठली? रसायनशास्त्रात एनएमआर, एक्सआरडी या पदार्थाची रचना दाखवणाऱ्या चाचण्यांसाठी सॅम्पल बाहेर पाठवावं लागतं, तिथे रांग असते आणि पैसेही भरावे लागतात. जीवशास्त्रात कल्चर वाढायला त्याचाच वेळ लागतो आणि कंटॅमिनेशन झालं की पुन्हा पहिल्यापासून. इतिहासवाल्यांना पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद बघायचे तर कॉलेजचं पत्र आणि परवानगी, शिवाय मोडी वाचता येणारं कुणीतरी. शाळेत सर्व्हे करायचा तर मुख्याध्यापकांची परवानगी आणि फेब्रुवारी-मार्चमधल्या बोर्डाच्या परीक्षांच्या आधीचे दिवस. भूगोलात विहिरींची पाणीपातळी मोजायची तर तिचे महिने ठरलेले.

एक वेगळं पान घ्या, त्याला 'मागायची कामं' असं नाव द्या. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी लिहा : काय हवंय, कुणाकडून, मागितलं कधी. तिसरा रकाना कोरा दिसला की त्याच दिवशी फोन करा किंवा अर्ज द्या. मागून झालं की काम तिकडे चालू राहतं आणि तुम्ही इकडे पेपरचा अभ्यास करू शकता. भार पेलण्याची खरी युक्ती मला तरी हीच सापडली आहे : दोन कामं एका वेळी फक्त तेव्हाच होतात, जेव्हा त्यांतलं एक दुसऱ्याच्या टेबलावर असतं.

प्रोजेक्ट शेवटापासून उलटा मोजत या

समजा सबमिशनची तारीख ३० एप्रिल आहे. बायंडिंग आणि सह्यांना दहा दिवस, म्हणजे २० एप्रिलला छापील प्रत तयार हवी. वाङ्मयचौर्य तपासणीसाठी ग्रंथालयाकडे १० एप्रिलला द्यायची. पूर्ण मसुदा गाईडकडे २५ मार्चला, कारण वाचायला आठवडा आणि दुरुस्तीला आठवडा लागतोच. माहिती गोळा करणं १० मार्चला बंद, मग कितीही मोह झाला तरी 'अजून पाच मुलाखती' नाहीत. प्रश्नावली चार-पाच जणांवर करून बघायची ती जानेवारीअखेर. विषय पक्का १५ जानेवारीला. तिसऱ्या सेमिस्टरला ४ क्रेडिटचा प्रकल्प झालेला असतो. डिपार्टमेंट परवानगी देत असेल तर तोच विषय पुढे न्या, पूर्वसंशोधनाचं वाचन तिथेच झालेलं असतं.

गाईडला पूर्ण प्रबंध एकदम देऊ नका. एकेक प्रकरण द्या आणि काय बघायचं ते सांगा. "मॅडम, वेळ मिळाला की बघाल का" हा मेसेज मी वाचते आणि बाजूला ठेवते, कारण वेळ मिळत नाही. "मॅडम, दुसरं प्रकरण टेबलावर ठेवलंय, पान १४ वरच्या तक्त्याची मांडणी बरोबर आहे का एवढंच सांगा, गुरुवारी अडीचला येते" हा मेसेज आला की मी गुरुवारच्या आधी पान १४ उघडते. सगळे गाईड माझ्यासारखेच नसतील, पण नेमका प्रश्न आणि नेमकी वेळ याला नाही म्हणणं कुणालाही जड जातं.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक कळकळीची सूचना : पहिल्या ओळीपासून युनिकोडमध्ये टाइप करा. गावातल्या टायपिंगवाल्याकडे जुन्या फॉन्टमध्ये करून घेतलेला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसती चिन्हं दिसतात, शोधता येत नाही, तपासणीच्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, आणि शेवटच्या आठवड्यात सगळं पुन्हा टाइप करायची वेळ येते. मोबाइलवर मराठी बोलून टाइप करण्याची सोय आहे. मुलाखतीहून परतताना बसमध्ये दिवसभराच्या नोंदी बोलून ठेवल्या तर घरी फक्त दुरुस्ती उरते. संदर्भ झोटेरोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वाचतानाच टाका. आधी झालेलं संशोधन शोधगंगावर बघा, तिथे भारतीय विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध मोफत आहेत.

आठवड्याची घडी

रोजचं वेळापत्रक करू नका, आठवड्याचं करा. रोजचं वेळापत्रक पाहुणे आले की मोडतं आणि मोडलं की मन खट्टू होतं. आठवड्यात प्रोजेक्टचे दोन मोठे तुकडे बांधून घ्या, चार-चार तासांचे. उदाहरणार्थ गुरुवारची दुपार आणि रविवारची सकाळ. उरलेले चार तास दोन संध्याकाळी. मोठे तुकडे यासाठी, की लिहिणं किंवा विश्लेषण अर्ध्या तासात होत नाही, कालच्या धाग्यापर्यंत पोचायलाच तेवढा वेळ जातो.

पेपरांचा अभ्यास मात्र लहान तुकड्यांत चालतो. लेक्चर झालं की त्याच दिवशी, वही न उघडता, आठवेल ते वीस मिनिटं कागदावर लिहा. मग वही उघडून राहिलेलं वेगळ्या शाईने भरा. ती वेगळी शाई म्हणजे तुमचा एप्रिलमधला अभ्यास. युनिट संपलं की जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न घड्याळ लावून सोडवा. चार मैत्रिणींनी चार युनिटच्या नोट्स वाटून घ्यायची पद्धत सगळीकडे आहे. ती चांगली आहे, पण दुसरीच्या नोट्स घ्यायच्या आधी ते युनिट एकदा स्वतः वाचलेलं असू द्या. नाहीतर तिची चूक चौघींच्या पेपरात जाते.

सेमिनार आणि असाइनमेंटचे विषय निवडायची मुभा असेल तर प्रोजेक्टच्या शेजारचे निवडा. ऊसतोडीवर प्रोजेक्ट करणारीने स्थलांतराच्या पेपरात हंगामी स्थलांतरावर सेमिनार घ्यावा, म्हणजे वाचन एकदाच होतं. तोच मजकूर दोन्हीकडे जसाच्या तसा देऊ नका, आणि शिक्षकांना आधी सांगून ठेवा.

नेट-सेट याच सेमिस्टरला द्यायची का?

शेवटच्या वर्षाला असताना दोन्ही परीक्षांचा फॉर्म भरता येतो. यूजीसी-नेट साधारण जून आणि डिसेंबरच्या फेरीत होते, महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पण पदव्युत्तरला खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के, तर एससी, एसटी, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ५० टक्के लागतात. ५४.९ म्हणजे ५५ नव्हे. तुमची आजवरची सरासरी या रेषेच्या आसपास असेल तर हे सेमिस्टर पेपर आणि प्रोजेक्टला द्या, नेट डिसेंबरला द्या. सरासरी वर असेल तर फॉर्म जरूर भरा, पण मेपर्यंत फक्त पेपर दोनची तयारी ठेवा, कारण तो तुमच्याच विषयाचा आहे आणि चौथ्या सेमिस्टरचा बराच अभ्यास त्यात येतो. पेपर एक सगळ्यांना सारखा, अध्यापन आणि संशोधनाच्या क्षमतेचा असतो, त्यासाठी परीक्षा संपल्यावरचे आठवडे ठेवा. यूजीसी-नेटच्या ३०० गुणांत पेपर एकचे १०० असतात, त्यामुळे तो सोडायचा नाही, फक्त पुढे ढकलायचा.

बॅक, नोकरी, घर

बॅक राहिला असेल तर त्याचा फॉर्म नियमित फॉर्मबरोबर आपोआप भरला जाईल असं धरू नका. स्वतः ऑफिसात विचारा आणि पावती जपून ठेवा. त्या विषयाचे दोन तास आठवड्यात जानेवारीपासूनच घाला. शेवटच्या सेमिस्टरचे सगळे पेपर निघूनही एका जुन्या विषयापायी डिग्री अडकते, हे बघणं फार वाईट असतं.

नोकरी करत शिकणाऱ्यांनी रजा पेपरांच्या आधी घेण्याऐवजी थोडी प्रोजेक्टच्या मोठ्या तुकड्यांसाठी वापरावी. हजेरीचा नियम बहुतेक ठिकाणी ७५ टक्क्यांचा आहे, त्याबद्दल जानेवारीतच विभागप्रमुखांशी बोला. लग्न झालेल्या मुलींना आणि घरात आजारपण असलेल्यांना मी एवढंच सांगते की घरच्यांना आठवड्याची घडी दाखवा. "अभ्यास आहे" हे घरात कुणाला दिसत नाही, "गुरुवारी दोन ते सहा मी लायब्ररीत आहे" हे दिसतं. भिंतीवर कॅलेंडरच्या शेजारी लावलेल्या कागदाचा मान घरात ठेवला जातो, हे मी अनेकींकडून ऐकलंय.

झोप मात्र हिशेबाबाहेर ठेवा, तिला हात लावू नका. आणि सतत छाती दडपल्यासारखं होतंय, रडू येतंय, जेवण जात नाही असं दोन आठवडे चाललं तर ते अंगावर काढू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. एखाद्या शिक्षकालाही सांगा. सांगितल्याने तुमचे गुण कमी होत नाहीत.

घडी मोडली तर

मोडतेच. ताप येतो, घरात कार्य निघतं, यंत्र बंद पडतं. अशा वेळी मागे राहिलेलं सगळं भरून काढायचा प्रयत्न करू नका. प्रोजेक्टचा आवाका कमी करा आणि तो गाईडला विचारून करा. ४० मुलाखतींच्या २५ झाल्या तर शीर्षकात आणि पद्धतीच्या प्रकरणात २५ लिहा, कारण सांगा. मर्यादांच्या विभागात प्रामाणिकपणे लिहिलेल्या त्रुटीला परीक्षक फारसे धरत नाहीत, लपवलेली त्रुटी मात्र व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, दोन प्रश्नांत उघडी पडते. माहिती कमी पडली म्हणून घरी बसून प्रश्नावल्या भरू नका. असं करणारी मुलं मला कळतात, सगळ्यांची अक्षरं आणि उत्तरं एकाच माणसाची असतात, आणि त्या वेळी मला होणारं दुःख रागापेक्षा मोठं असतं.

पेपरांत मागे पडलात तर प्रत्येक पेपरातली सगळी युनिट अर्धवट करण्यापेक्षा जुन्या प्रश्नपत्रिका बघून जास्त गुणांची युनिट नीट करा.

छपाई ते व्हायवा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्के आलं तर दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं. ही तपासणी आधी करून घ्यायची ती यासाठीच. साम्य जास्त आलं तर शब्द बदलत बसू नका, मूळ लेख बंद करून तोच मुद्दा स्वतःच्या वाक्यांत लिहा आणि संदर्भ द्या.

छापायच्या आधी पीडीएफ करा, मोबाइलवर उघडून पानांचे क्रमांक आणि तक्ते तपासा. बायंडिंगच्या दुकानात एप्रिलअखेर रांग लागते, तर दोन दिवस आधी जाऊन वेळ सांगून ठेवा. सर्टिफिकेटवर गाईड, विभागप्रमुख आणि प्राचार्य अशा सह्या लागत असतील तर प्राचार्य कुठल्या तारखांना बाहेरगावी आहेत ते ऑफिसात विचारा. हे पण 'मागायच्या कामांच्या' पानावर.

व्हायवाला जाताना प्रोजेक्टची स्वतःची प्रत बरोबर असू द्या, महत्त्वाच्या पाच पानांना खुणा करून. पहिला प्रश्न बहुधा "हाच विषय का?" असा येतो. त्याचं उत्तर पाठ करू नका. चुलीशी बसलेल्या त्या मुलीने परीक्षकांना पहिल्या संध्याकाळची हकिगत सांगितली आणि पुढची दहा मिनिटं परीक्षकच तिला विचारत राहिले.

व्हायवा झाला की त्याच आठवड्यात लायब्ररीचं नो-ड्यूज, म्हणजे काही देणं नसल्याचा दाखला, घ्या. मुलाखतींची रेकॉर्डिंग मोबाइल बदलायच्या आधी ड्राइव्हवर टाका. निकाल लागल्यावर डिजिलॉकरमध्ये एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यात चारही सेमिस्टरचे क्रेडिट जमा झालेत का ते बघा, एखादं दिसत नसेल तर लगेच परीक्षा विभागात अर्ज द्या. आणि गाईडकडे शिफारसपत्र मागा. पीएच.डी.ला जायचं नक्की नसलं तरी आताच मागा, तुमचं काम त्यांच्या टेबलावर आणि डोक्यात ताजं असताना. पान १४ वरचा तक्ता मला मेमध्ये आठवतो, पुढच्या वर्षी तेवढा आठवणार नाही.